प्रश्न कसा विचारायचा: रेमंड यांचा निबंध आणि त्यातली खोट

रिसर्चला येणार असाल तर कोणी ना कोणी तुम्हाला ‘हाऊ टू आस्क क्वेश्चन्स द स्मार्ट वे’ वाचायला सांगेल. एरिक रेमंड आणि रिक मोएन यांचा हा निबंध २००१ पासून फिरतोय. आवडीपोटी, फुकट वेळ देणाऱ्या प्रोग्रामर मंडळींकडून मदत कशी मिळवायची, हा त्याचा विषय. प्रोग्रामिंगशी संबंध नसला तरी वाचाच.

त्यातला सगळ्यात कामाचा सल्ला: लक्षणं सांगा, तुमचं निदान नको. ‘पीसीआर चालत नाहीये, प्रायमर खराब असावेत, काय करू?’ असा मेसेज आल्यावर सीनियर बिचारी काय सांगणार? त्याऐवजी लिहा: त्याच प्रायमरनी पॉझिटिव्ह कंट्रोलला बँड आला, माझ्या तिन्ही सॅम्पलना नाही, अ‍ॅनीलिंग ५८ अंशांवर केलं, ५५ वरही करून पाहिलं, जेलचा फोटो जोडलाय. आता शंका प्रायमरवरून तुमच्या डीएनएकडे वळते, आणि तीही लिहिता लिहिता तुम्हालाच येते.

‘अर्जंट’ लिहू नका, असंही निबंध बजावतो. घाई तुमची, उत्तर देणाऱ्याची नाही. आणि लोटांगण हा गृहपाठाला पर्याय नाही. हे आपल्याकडे जरा जास्तच लागू पडतं. ‘आदरणीय सर, मी नवीन आहे, कृपया मार्गदर्शन करावे’ यानंतर प्रश्नच नसलेले ईमेल मी पाहिलेत.

खटकतो तो सूर. उद्धट उत्तर मिळालं तर बहुतेक वेळा तो उद्धटपणा नसतोच, ती इथली रोखठोक रीत आहे, असं नवख्याला समजावलं जातं. ‘आधी शोध, मग विचार’ हे खेकसणंही योग्यच ठरतं. पण शोधायला शब्द लागतो. जेलच्या तळाशी पुसट पट्टा दिसतोय, त्याला प्रायमर डायमर म्हणतात हेच माहीत नसेल, तर पोरगं टाईप काय करणार? उत्तर देणाऱ्यांनी सौम्य राहावं, खात्री नसेल तर तसं सांगावं, असा एक भाग शेवटाकडे आहे, पण छोटा. विचारणाऱ्यासाठी मात्र पानंच्या पानं.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली खबर दिली ती ‘हा माझा छंद आहे’ असं सांगत आणि लोकांना मिनिक्समधलं काय आवडतं, काय नाही, हे विचारत. पुढे त्यांच्या तिखट ईमेलची ख्याती झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनीच त्याबद्दल माफी मागून काही काळ सुटी घेतली. प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. लिनक्स काही बंद पडलं नाही.

निबंधातली एक सूचना मात्र लॅबमध्ये फार कमी जण पाळतात: प्रश्न सुटल्यावर काय चुकलं होतं ते परत कळवणं. नुसतं ‘थँक यू मॅम’ नको. ‘डीएनएत इथेनॉल राहिलं होतं, पेलेट नीट वाळवल्यावर बँड आला’ एवढं लिहा. आपला अंदाज बरोबर होता की नाही, हे सीनियरलाही एरवी कळत नाही.