पहिल्या तीन कल्पना फेका

सांगलीतल्या एका शाळेत चित्रकलेच्या कार्यशाळेसाठी नववीची चाळीस मुलं बसली होती. विषय दिला : पाणी. पाच मिनिटं सुचेल ते ओरडून सांगा, मी फळ्यावर लिहितो. फळा भरला. वाचून पाहिलं तर चारच गोष्टी फिरून फिरून आल्या होत्या : गळणारा नळ, तळहातावरची पृथ्वी, भेगाळलेली जमीन, थेंबातलं झाड. मोबाईलवर ‘सेव्ह वॉटर ड्रॉइंग’ शोधलं तर तुम्हालाही हेच दिसेल.

चूक माझ्या आखणीची होती. सगळ्यांनी मिळून मोठ्याने कल्पना मांडायची पद्धत ॲलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकी जाहिरातवाल्याने लोकप्रिय केली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात ती तपासली गेली. चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना नंतर एकत्र केल्या, तर त्या एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा जास्त भरल्या. तरी आपल्या कार्यशाळा अजून गलक्यानेच सुरू होतात. एक धीट मुलगा ‘नळ’ म्हणतो आणि मागच्या बाकावरची मुलगी आपलं वाक्य गिळते.

दुसऱ्या फेरीत बोलणं बंद केलं. प्रत्येकाने दहा कल्पना लिहायच्या, पहिल्या तीन खोडायच्या. प्रश्नही बदलला : २०१९ च्या पुरात तुमच्या घरात काय झालं? तेव्हा आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. ही मुलं तिसरीत होती. एका मुलीने यादी केली : पाणी चढत गेलं तसं आईने काय काय माळ्यावर ठेवलं. आधी गाद्या, मग धान्याचे डबे, मग कागदपत्रांची पिशवी, शेवटी मांजर. हे सगळं एकावर एक रचून तिने चौकोन भरला.

तिथले शिक्षक म्हणाले, “छान आहे, पण संकल्पचित्रात चालणार नाही.”

त्यांचंही खरं होतं. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत संकल्पचित्राचा पेपर असतो. भौमितिक आकारात फुलं-पानं, त्रिकोण-वर्तुळं तोल साधून बसवायची आणि रंगवायची. श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण. यातून हात तयार होतो, हे मला मान्य आहे. पण नावात संकल्प असलेल्या पेपरात संकल्प बहुतेकदा गाईडमधून येतो. त्या मुलीच्या चित्रात तोल होता, पुनरावृत्ती होती, लय होती. पेपर बंद करा असं मी म्हणत नाही. ‘हेच आकार का निवडले?’ एवढी एक ओळ विचारा.

पुढची कार्यशाळा सातारा जिल्ह्यातल्या मुलांची होती. त्यांना मी फळ्यासमोर बसवलंच नाही, औंधला नेलं. स्वतः चित्रकार असलेल्या राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये तिथे संग्रहालय उभारलं. रविवर्मांची चित्रं आणि हेन्री मूरचं माता-बालकाचं शिल्प तिथे एकाच संग्रहात आहेत. मोबाईल दप्तरात ठेवायला लावले. काम एकच : रविवर्मांनी जे बारकाईने रंगवलं, त्यातलं मूरने काय काय गाळलं ते लिहा. अर्धा तास कोणी बोललं नाही. याद्या लांबलचक आल्या आणि एकीसारखी दुसरी नव्हती.

सांगलीच्या मुलीने परीक्षेत कमळ काढलं. ए ग्रेड मिळाली. पुराचं चित्र अजून माझ्याकडे आहे. तिने ते परत मागितलेलं नाही.