पाच चांदण्यांचं वाङ्मय

कथा-कादंबऱ्यांवर समीक्षा लिहिणारे पुष्कळ आहेत. पण आजकाल सगळ्यात जास्त लोक जे लिहितात आणि त्याहून जास्त लोक जे वाचतात, त्यावर कुणी दोन शब्द लिहीत नाही. मी बोलतेय ते फोनवरच्या अभिप्रायांबद्दल. आपण त्याला रिव्ह्यू म्हणतो. पाच चांदण्या आणि खाली दोन ओळी. हाडाच्या डॉक्टरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं आपण त्या चांदण्या मोजून ठरवतो. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. पुढं त्याचा उपयोग मुलांचे निबंध आणि सोसायटीचे अर्ज लिहिण्यापलीकडं फारसा झाला नाही. म्हटलं, या नव्या वाङ्मयाची तरी समीक्षा करून बघू. खरं सांगायचं तर हौसेनं नाही, घरातल्या एका भांडणामुळं मी हे वाचायला बसले.

माझ्या नणंदेची मुलगी बेळगावातच, शहापूर भागात राहते. तीन वर्षांपूर्वी तिनं घरून पदार्थ विकायला सुरुवात केली. मेतकूट, चटणीपुडी, थालीपिठाची भाजणी, सगळं कांदा-लसूण नसलेलं. स्वतःची छोटी वेबसाइट केली, गूगलच्या नकाशावर दुकानाचं नाव चढवलं. दुकान कसलं, मागची खोली. वर्षभरात अकरा अभिप्राय आले आणि अकराही पाच चांदण्यांचे. मग चातुर्मासात बारावा आला, एका चांदणीचा. खाली मराठीत लिहिलेलं: 'पुड्यावर दळल्याचा दिवस नाही. मग जैन म्हणून कशाला विकता?'

अकरा पाचे पंचावन्न, त्यात एक, म्हणजे छप्पन्न. भागिले बारा. सरासरी पाचावरून ४.७ वर आली. हे गणित त्या रात्री नणंदेच्या घरी सगळ्यांनी करून बघितलं. पोरगी जेवली नाही.

मी ते बाराही अभिप्राय चष्मा लावून वाचले. पहिल्या अकरांत 'नाइस', 'सुपर्ब', 'खूप छान', 'बेस्ट क्वालिटी', 'ऑल द बेस्ट ताई'. दोघांनी नुसत्याच चांदण्या दिलेल्या, शब्द नाही. अकरांतले सात जण आमच्याच नात्यातले. एकानं कानडीत 'तुंबा चेन्नागिदे' लिहिलंय. तो तिच्या दिराचा मित्र, त्याच्या घरी पुडा गेला होता का याची मला शंका आहे. एका मावशींनी मात्र मनापासून लिहिलेलं, तोंडाला पाणी सुटलं म्हणून. त्याचं आपोआप होणारं इंग्रजी भाषांतर असं की वाचणाऱ्याला वाटावं, बाईंना काहीतरी दुखणं झालंय.

आणि अकरांत एक माझाही होता. 'घरगुती चव, अप्रतिम, सर्वांनी जरूर घ्यावे.' पाच चांदण्या. मैत्रिणींनो, हे लिहिलं तेव्हा मी तिची भाजणी खाल्लेलीच नव्हती. तिनं लिंक पाठवली, 'मामी, एवढं कराच' म्हणाली, आणि मी कुकरची शिट्टी होईपर्यंतच्या वेळात ते करून टाकलं. पुस्तक न वाचता प्रस्तावना लिहिणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत.

समीक्षेच्या दृष्टीनं बघितलं तर अकरा अभिप्रायांतून मालाबद्दल एक अक्षर कळत नाही. भाजणी जाड की बारीक, धने किती, पुड्याचं तोंड नीट बंद होतं का, पार्सल किती दिवसांत पोचतं, काही नाही. अकराही जण मालाबद्दल नाही, तिच्याबद्दल बोलतात. 'पोरगी कष्टाळू आहे' एवढाच त्या सगळ्याचा अर्थ. तो खरा आहे, पण त्यावर थालीपीठ लागत नाही. बारापैकी ज्याला मजकूर म्हणावं असा एकच मजकूर होता, आणि तो एका चांदणीखाली होता.

आमच्याकडं पिठाची मर्यादा पाळतात. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यापुढचं पीठ व्रती माणूस घेत नाही. भाजलेल्या पिठाला तेच मोजमाप लावायचं की नाही यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, त्यात शिरत नाही. पण ज्या बाईनं लिहिलं तिला दळल्याचा दिवस कळायला हवा होता, आणि 'जैन' असं छापून विकणाऱ्याला तो प्रश्न येणारच. कांदा-लसूण वगळलं म्हणजे झालं, असं बाजारात समजतात. आमच्या पोरीनंही तसंच समजून घेतलं, कारण ते सोयीचं होतं. बेळगावातून पुण्याला पार्सल जायला पावसाळ्यात तीन दिवस सहज लागतात. म्हणजे दिवस लिहिला तर घेणाऱ्याच्या हातात पडेस्तोवर मर्यादा संपलेली. म्हणून तिनं लिहिला नव्हता. हे तिनं मला नंतर, बऱ्याच नंतर सांगितलं.

त्या रात्री मात्र घरात वेगळंच चाललं होतं. 'हे तिचंच काम' असं सगळ्यांचं ठरलं. ती म्हणजे गावातलीच दुसरी एक बाई, हेच पदार्थ करते. तिच्या नावापुढं ४.९ आणि चौसष्ट अभिप्राय. गूगलवर अभिप्राय लिहायला पावती दाखवावी लागत नाही, कुणीही कुणाबद्दल लिहू शकतं, हे खरं. शोधणाऱ्याला कुणाचं नाव आधी दाखवायचं हे ठरवताना अंतराबरोबर अभिप्रायांची संख्या आणि चांदण्याही धरतात, हेही खरं. म्हणजे एक चांदणी नुसती मनाला लागत नाही, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोरून माणसाला खाली ढकलते. पोरीचा संताप मी समजू शकते. ती म्हणाली, 'मामी, तुमचा हात लिहिता आहे. तुम्ही तिच्याकडं एक चांदणी टाका. काहीही लिहा, मीठ जास्त झालं म्हणा.'

मी त्या दुसरीचेही अभिप्राय वाचले. त्यातले वीसेक एकाच आठवड्यातले, आणि त्यांत 'ऑसम' हा शब्द इतक्या वेळा की एकानंच बसून टाकलेले वाटावेत. असे अभिप्राय विकत मिळतात. 'इतक्या रुपयांत शंभर फाइव्ह स्टार' असे निरोप आमच्या पोरीच्या फोनवरही येतात. भारतीय मानक ब्यूरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत असं त्यात म्हटलेलं आहे, पण ते आणलं तेव्हा पाळणं ऐच्छिक होतं. ऐच्छिक म्हटल्यावर आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको.

पण त्या चौसष्टांत एक अभिप्राय मला असा सापडला की मी तो वहीत उतरवून घेतला. चार चांदण्या. 'दळण जरा जाड आहे, थालीपीठ थापताना कडा फुटतात. कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास ठेवलं तर जमतं. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा मागितलं.' बघा, दोष आहे, उपाय आहे आणि शेवटी सासरे आहेत. नवी सून असेल. एका वाक्यात तिनं घर उभं केलं. उपमा नाही, विशेषणांत फक्त 'जाड' आणि 'कोमट'. पाचवी चांदणी का दिली नाही ते कळतं आणि चौथी का दिली तेही कळतं. समीक्षेकडून याहून जास्त मी काही मागत नाही.

प्रतिष्ठा मिळवायला पूर्वी काय करायचे, असं नणंद सारखी विचारत होती. मी तिला लिज्जतची गोष्ट सांगितली. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, हलका माल स्वस्तात द्यायला. छगनबापांनी त्यांना सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. नणंद म्हणाली, 'त्यांना कुठं चांदण्या होत्या?' बरोबर आहे. त्यांना गिऱ्हाईक तोंडावर सांगत असणार. हळदीकुंकवाला एखादी म्हणते, 'वैनी, औंदा पापडखार जास्त पडला काय हो?' ते ऐकून तोंड कडू होतं, पण ते ऐकणारे चार कान तिथंच असतात आणि पुढच्या वर्षी खार कमी पडतो. फोनवरची चांदणी मात्र सगळ्या गावाला दिसत राहते. पापड सुधारला तरी ती तिथंच. या वाङ्मयाचा माझ्या मते हा सगळ्यात मोठा दोष.

दुसरा दोष आपला आहे. दशलक्षणात रोज एक याप्रमाणे तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय होतात. सहाव्या अध्यायात नीच गोत्र कशानं बांधलं जातं ते सांगितलंय: दुसऱ्याची निंदा, स्वतःची स्तुती, दुसऱ्याचे असलेले गुण झाकणं आणि स्वतःचे नसलेले दाखवणं. इतकी वर्षं ऐकतेय. यंदा ऐकताना मांडीखालचा फोन टोचायला लागला. मी एकीचे नसलेले गुण दाखवून झाले होते, आणि दुसरीची निंदा करायची सुपारी माझ्याकडं आलेली होती.

ती सुपारी मी घेतली नाही, यात मोठेपणा काही नाही, मला भीती वाटली. पण आपलं लिहिलेलं मी दुरुस्त केलं. आधी भाजणी मागवली, पैसे देऊन. दोन वेळा थालीपीठ लावलं. मग जुनं पुसून लिहिलं: 'चव चांगली, धने जास्त. दळल्याचा दिवस लिहायला हवा.' तीन चांदण्या. सरासरी ४.५ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. 'मामी, परक्यांनी ४.७ वर आणलं, तुम्ही ४.५ केलंत.' पुढं सव्वा महिना ती आमच्या दारात आली नाही. नणंद येत होती, पण चहा न घेता जायची. ह्यांचं म्हणणं, घरातल्या माणसाला काय ते घरात सांगायचं. मीही तेच म्हणत आले असते, जर आधी पाच चांदण्या चव्हाट्यावर देऊन बसले नसते तर. आजही मला खात्री नाही. तीन दिल्या त्या खऱ्या होत्या, पण मी तिला आधी फोन करायला हवा होता. सही खाली माझी, पोट तिचं.

क्षमावणीच्या दिवशी ती आली. वाकून नमस्कार केला, मीही हात जोडले, दोघींनी तोंडभर क्षमा मागितली आणि गप्प बसलो. मग तिनं पिशवीतून पुडा काढला. आत पीठ नव्हतं. भाजून, निवडून एकत्र केलेलं धान्य होतं, न दळलेलं. वर चिठ्ठी: लागेल तेव्हा, लागेल तेवढं दळून घ्यावे. 'मर्यादा ज्यांची त्यांनी पाळावी,' ती म्हणाली, 'पुण्याला आता हेच पाठवते. पावसाळ्यात पीठ बंद.'

त्या एका चांदणीच्या बाईला तिनं उत्तर काय दिलं, ते मी विचारलं. अजून दिलेलं नाही म्हणाली. मसुदा केलाय, तो जरा बघून द्या. मी बघितला. 'प्रिय ग्राहक, आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल धन्यवाद' अशी सुरुवात होती. ती ओळ मी खोडली.

मग ती म्हणाली, 'आता तुमच्या त्या तीनचं तेवढं बघा की.'

मी म्हटलं, 'आधी गिरणीतून दळून तर आणू दे.'