जागा हेरणारा डोळा

25 मे 1965. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं लुइस्टन गाव. मुष्टियुद्धाच्या पहिल्याच फेरीत सनी लिस्टन आडवा झालाय आणि मुहम्मद अली त्याच्यावर उभा राहून ओरडतोय. नील लायफर यांचं हे छायाचित्र अनेकांनी पाहिलेलं असतं. पण अलीच्या पायांमधून पलीकडे पाहिलं, तर टक्कल पडलेला एक छायाचित्रकार दिसतो. ते हर्ब शार्फमन. अनुभवाने मोठे, लायफर यांच्याच साप्ताहिकासाठी आलेले. क्षण दोघांसमोर एकच होता. शार्फमन यांच्या वाट्याला मात्र अलीची पाठ आली.

त्या रात्री बावीस वर्षांच्या लायफर यांना नशिबाने साथ दिली, हे खरंच. पण पुढच्या वर्षी त्यांनी जागा नशिबावर सोडली नाही. नोव्हेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये त्यांनी कॅमेरा थेट रिंगणाच्या डोक्यावर टांगला. पांढऱ्या चौकोनात उताणा पडलेला क्लीव्हलँड विल्यम्स आणि हात उंचावून कोपऱ्याकडे निघालेला अली, हे चित्र काठावर बसून मिळणारच नव्हतं. क्रीडा छायाचित्रकाराला प्रेरणा कुठून मिळते, या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे: खेळ ओळखून जागा हेरण्यातून.

पुढची मोठी कामं याच वाटेने गेलेली दिसतात. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सने 100 मीटर बटरफ्लायची शर्यत सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकली. भिंतीला आधी कोणाचा हात लागला, ते हाइन्झ क्लूटमायर यांच्या पाण्याखाली ठेवलेल्या कॅमेऱ्याने दाखवलं. 29 जुलै 2024 ला ताहितीच्या तेआहुपो इथे, ऑलिंपिकच्या सर्फिंगसाठी, छायाचित्रकार जेरोम ब्रुइये होडीत होते. सर्फर गॅब्रिएल मेदिना लाटेआड दिसेनासा झाला होता. मोठी लाट साधली की हा खेळाडू हवेत झेपावतो, हे ब्रुइये जाणून होते, म्हणून ते त्याच्या वर येण्याची वाट पाहत राहिले. मेदिना फळीसकट हवेत उभा दिसला आणि त्यांनी मोजून चार फ्रेम टिपल्या.

चार, हा आकडा लक्षात ठेवावा असा आहे. 2023 मध्ये जाहीर झालेला सोनीचा कॅमेरा सेकंदाला 120 फ्रेम टिपतो. क्षण हातून निसटण्याची भीती त्यामुळे बरीच कमी झाली, आणि तिच्याबरोबर आधीच अंदाज बांधण्याची सवयही सुटत चालली आहे. आयपीएल सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं शेजारी ठेवून पाहा. सीमारेषेबाहेरच्या ठरलेल्या जागा, सारख्याच लांब लेन्स, धूसर पार्श्वभूमी, मूठ आवळून ओरडणारा गोलंदाज. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असलेल्या या चित्रांतलं कोणतं कोणी काढलं, हे ओळखता येत नाही.

दोष एकट्या छायाचित्रकाराचा नाही. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने 2015 च्या जानेवारीत नोकरीतले सगळे, म्हणजे सहाही छायाचित्रकार कमी केले. लायफर आणि क्लूटमायर यांचं काम ज्याने छापलं, तेच हे साप्ताहिक. 2012 मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा बीसीसीआयने गेटीसारख्या छायाचित्रसंस्थांना प्रवेश नाकारला आणि निषेध म्हणून रॉयटर्स, एपी, एएफपी यांनी वार्तांकन थांबवलं. कुणी आत यायचं, हे खेळाचे मालक ठरवू लागले की जागा हेरणाऱ्या डोळ्याला वाव उरत नाही. संयोजकांनीच पुरवलेल्या चित्रांत विजय असतो, करंडक असतो. पराभूताचा एकांत फारसा नसतो.

आपल्याकडे मात्र ज्या खेळांना असे पहारे नाहीत, तिथेही डोळा क्वचितच पोहोचला आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात प्रेक्षक कुठेही बसला, तरी हौदा दिसतो. छायाचित्रकाराला मात्र कुठलीही जागा चालत नाही. ढाक हा डाव कोणत्या अंगाला बसणार, हे ज्याला कळतं, त्यालाच खालच्या मल्लाचा चेहरा मिळतो. इतरांना दोन पाठी मिळतात. आणि छापून काय येतं? खांद्यावर गदा घेतलेला विजेता. हलगी टिपेला पोहोचलेली, लाल मातीने मानेवरची पकड निसटू न दिलेली, ती घटका कागदावर येतच नाही.

खो-खोचंही तेच. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर या मराठी कर्णधारांच्या संघांनी दोन्ही अजिंक्यपदं मिळवली. करंडकासोबतचे फोटो सगळीकडे आले. पण या खेळाचा प्राण खांबाजवळ असतो: हूल देऊन वळलेला धावपटू आणि त्याच्या दिशेने पाठलाग करणाऱ्याने जमिनीला समांतर मारलेला सूर. त्यासाठी खांबाच्या रेषेत, जमिनीलगत, पोटावर पडून राहावं लागतं, आणि हूल कोणत्या बाजूने येईल हे आधी ओळखावं लागतं.

म्हणून नव्या छायाचित्रकाराला माझं सांगणं एवढंच, की पहिले काही दिवस तालमीत कॅमेरा न काढता बसावं. वस्ताद कोणाच्या कोणत्या पायाकडे पाहून ओरडतात, ते ऐकावं. पाय कुठे फसतो हे कळू लागलं, की आपण कुठे बसायचं तेही कळतं.