स्टिंगली आधी की गार्डनर? स्काउटिंग रिपोर्ट संशोधकाच्या नजरेतून वाचताना

पेट पास होऊन सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्यांना ‘वैधता’ची व्याख्या पाठ असते. पण आपण मोजतोय ते नेमकं काय आणि दावा करतोय तो कशाचा, यातली फट प्रत्यक्षात कशी दिसते, हे पुस्तकातून कळत नाही. त्यासाठी आज आपल्या विषयांपासून बरंच लांबचं एक लेखन तपासू या: अमेरिकन फुटबॉलमधला स्काउटिंग रिपोर्ट. खेळ माहीत नसला तरी चालेल, लागेल तेवढं सांगत जातो.

दरवर्षी वसंतात कॉलेज संपवणारे खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ‘ड्राफ्ट’मधून निवडले जातात. ३२ संघ, सात फेऱ्या. आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला साधारणपणे पहिली निवड. त्याआधी प्रत्येक खेळाडूवर रिपोर्ट लिहिले जातात. म्हणजे कॉलेजमधल्या दोन-तीन वर्षांच्या पुराव्यावरून पुढच्या पाच-सात वर्षांचं भाकीत करायचं. कोट्यवधी डॉलर आणि एका एकवीस वर्षांच्या मुलाचं नाव त्यावर अवलंबून असतं.

आपला खेळाडू आहे कॉर्नरबॅक. याचं काम मैदानाच्या कडेला प्रतिस्पर्धी रिसीव्हरला चिकटून राहणं आणि त्याच्याकडे फेकलेला चेंडू त्याला मिळू न देणं. चेंडू स्वतःच पकडला तर ते ‘इंटरसेप्शन’.

२०२२ च्या ड्राफ्टमध्ये लागोपाठ दोन कॉर्नरबॅक गेले. तिसऱ्या क्रमांकावर ह्युस्टन टेक्सन्सने लुइझियाना स्टेटचा डेरेक स्टिंगली ज्युनियर घेतला, तर चौथ्यावर न्यूयॉर्क जेट्सने सिनसिनाटीचा सॉस गार्डनर. दोघांचा पुरावा अगदी उलट्या प्रकारचा होता. स्टिंगलीने २०१९ मध्ये, पहिल्याच वर्षी, १५ सामन्यांत सहा इंटरसेप्शन केली आणि त्याचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. पुढची दोन वर्षं मिळून फक्त दहा सामने आणि इंटरसेप्शन शून्य. २०२१ मध्ये तर पायाच्या दुखापतीने हंगाम तीन सामन्यांतच संपला. गार्डनरच्या नोंदी मात्र स्वच्छ. तीन हंगामांत त्याच्यावर एकही टचडाउन पास झाला नाही. पण त्याचं कॉलेज तुलनेने दुबळ्या गटात खेळायचं.

त्या वसंतातल्या रिपोर्टांचा ठरलेला साचा तुम्हाला लगेच ओळखू येईल: बलस्थानं, उणिवा, मोजमापं आणि शेवटी एक क्रमांक. यातला वर्णनाचा भाग खरंच चांगला असतो. पाय कसे हलतात, रिसीव्हर वळला की कंबर किती पटकन फिरते, चेंडू हवेत असताना नजर कुठे असते, हे अनुभवी स्काउट जितक्या बारकाईने लिहितो तितकं निरीक्षण आपल्या अनेक फील्ड नोट्समध्येही नसतं. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. वर्णनावरून भाकितावर उडी मारताना रिपोर्ट तीन ठिकाणी घसरतो.

पहिलं, इंटरसेप्शन. सहावरून शून्यावर आला म्हणजे खेळ घसरला, असं वाटणं साहजिक आहे. पण आता क्रिकेटकडे बघा. चेंडू रवींद्र जडेजाकडे गेला की फलंदाज धाव घ्यायला कचरतात. मग रनआउटच्या आकड्यावरून त्याचं क्षेत्ररक्षण मोजाल का? कॉर्नरबॅकचंही तेच. पहिल्या वर्षी धाक बसवला की क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला फेकायचं टाळू लागतो. संधीच कमी झाली तर निव्वळ संख्या काहीच सांगत नाही. आकड्याला छेद हवा: किती वेळा चेंडू त्याच्याकडे आला आणि त्यातले किती पूर्ण झाले. त्यातही टाळणं हे निवडीतून आलेलं असतं, म्हणजे जो विदा गहाळ आहे तो योगायोगाने गहाळ नाही. तुमच्या सर्वेक्षणात ज्यांनी उत्तरच दिलं नाही, त्यांच्याबाबतही हाच प्रश्न विचारायचा असतो.

दुसरं, संदर्भ. २०१९ नंतर लुइझियाना स्टेटचे बचाव प्रशिक्षक डेव्ह अरांडा बेलरला गेले. नवे प्रशिक्षक आले, पद्धत बदलली आणि २०२० मध्ये संघाने पाच सामने जिंकले, पाच हरले. त्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने त्यांच्याविरुद्ध ६२३ यार्ड फेकले. त्या दिवशी स्टिंगली आजारी होता, मैदानातच नव्हता. संघाची घसरण आणि खेळाडूची घसरण एकाच आलेखावर ठेवली की एकीचं कारण दुसरीला चिकटतं. गार्डनरच्या बाबतीत हाच दोष उलटा दिसतो. शून्य टचडाउन त्याचं कौशल्य किती आणि समोरच्या रिसीव्हरांची मर्यादा किती? याचं उत्तर शोधायला बलाढ्य अलाबामाविरुद्धचा एक उपांत्य सामना होता. सिनसिनाटी २७–६ असा हरलं, तरी गार्डनरवर टचडाउन झाला नाहीच. पुरावा दिलासा देणारा, पण सामना एकच. रिपोर्टने तेवढंच म्हणायला हवं.

तिसरं आणि मला सर्वांत खटकणारं: स्वभावाविषयीचे निष्कर्ष. स्टिंगलीचं खेळात मन उरलं नाही, तो जीव तोडून खेळत नाही, अशी शंका तेव्हा मोकळेपणाने मांडली जात होती. व्हिडिओत दिसतं ते असं की अमुक वेळी तो सावकाश धावला. त्यामागे दुखरा पाय असेल, प्रशिक्षकाची सूचना असेल किंवा खरंच कंटाळा असेल. निरीक्षण एक, स्पष्टीकरणं तीन. त्यातलं एक निवडायला आणखी पुरावा लागतो. तो न देता ‘वृत्ती’च्या रकान्यात शेरा मारला की वाचणाऱ्याला तो मोजलेल्या वेगाइतकाच पक्का वाटतो. आपल्याकडे ‘प्रतिसादक उदासीन होते’ असं एक वाक्य लिहून मोकळे होणारे प्रबंध काही कमी नाहीत. त्या प्रतिसादकांना उलट उत्तर द्यायची सोय नसते.

मोजमापांचं काय? इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरात ४० यार्डांची धाव असते. गार्डनरने ती ४.४१ सेकंदांत पूर्ण केली. मोजणी विश्वासार्ह आहे, प्रश्न उपयोगाचा आहे. शिबिरात बोलावलेला जवळपास प्रत्येक कॉर्नरबॅक वेगवानच असतो. इतक्या अरुंद पट्ट्यात वेग आणि यश यांचा संबंध क्षीणच दिसणार. त्यावरून ‘वेगाला महत्त्व नाही’ म्हणणंही चूक, कारण हळू धावणारे आधीच गाळले गेलेत. २०११ मध्ये स्टॅनफर्डचा रिचर्ड शर्मन पाचव्या फेरीपर्यंत, १५४ व्या क्रमांकापर्यंत, शिल्लक राहिला. पुढे २०१३ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक, आठ इंटरसेप्शन त्याचीच होती. पण एका शर्मनवरून नियम करू नका. त्याच फेरीत निवडले जाऊन विसरले गेलेले कोणाला आठवत नाहीत.

मग निकाल काय लागला? इथे खरी गंमत आहे. २०२२ च्या अखेरीस गार्डनर वर्षातला सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला, शिवाय ऑल-प्रो पहिल्या संघातही आला. स्टिंगली नऊ सामने खेळून जखमी. तेव्हा विचारलं असतं तर जेट्स बरोबर. पुढच्या वर्षी टेक्सन्सचे प्रशिक्षक बदलले. स्टिंगलीने ११ सामन्यांत पाच इंटरसेप्शन केली आणि २०२४ मध्ये तोही ऑल-प्रो पहिल्या संघात आला. मार्च २०२५ मध्ये त्याला तीन वर्षांसाठी नऊ कोटी डॉलरचा करार मिळाला. त्याच वर्षी जुलैमध्ये गार्डनरलाही मोठा करार मिळाला, पण नोव्हेंबरमध्ये जेट्सने दोन पहिल्या फेरीच्या निवडी आणि एक रिसीव्हर घेऊन त्याला इंडियानापोलिसला दिलं. आता बरोबर कोण?

उत्तर मोजणीच्या तारखेवर बदलतं. म्हणूनच ‘कोणाचा अंदाज खरा ठरला’ यावरून रिपोर्टची गुणवत्ता ठरवू नये, असं माझं मत आहे. चांगल्या रिपोर्टने आधीच सांगायला हवं होतं: किती वर्षांसाठी हे भाकीत आहे, कोणत्या बचाव पद्धतीत, आणि काय घडलं तर मी चुकलो असं मानाल. साच्यात या तिन्हींसाठी रकाना नाही, पण क्रमांकासाठी आहे.

तुमच्या सिनॉप्सिसचा ‘संशोधन पद्धती’ विभाग उघडा आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक वाक्यासमोर लिहा: हे पाहिलं, हे मोजलं, की हे मानलं. ‘मानलं’ असं जिथे येईल तिथे दुसरं संभाव्य स्पष्टीकरण समासात लिहा. गाइडकडे जाण्याआधी एवढं केलंत तर व्हायवातले निम्मे प्रश्न तुम्हाला घरीच सापडतील.