घड्याळ, पान आणि ओहोटी

नवचित्रापुढे उभं राहिलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘याचा अर्थ काय?’’ दुसराही ठरलेला : ‘‘केवढ्याला?’’ पहिल्याचं उत्तर नाही मिळालं तरी दुसऱ्याचं ऐकून छाती दडपते, आणि चित्र आपोआप थोर वाटू लागतं.

उरणात आमचे एक निवृत्त शेजारी आहेत. प्रतीकं उकलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. साल्वादोर दालीचं १९३१ सालचं ते वितळत्या घड्याळांचं चित्र पुस्तकात दाखवलं मात्र, घड्याळ म्हणजे काळ, मुंग्या म्हणजे नाश, वाळकं झाड म्हणजे मरण, असा दोन मिनिटांत निकाल!

‘‘आणि मागचा तो समुद्र?’’

‘‘तो नुसता समुद्र हो!’’

वास्तविक त्या चित्रातली सगळी हुरहूर त्या निपचित किनाऱ्यात आहे. तो नसता तर मऊ घड्याळं पाहून हसूच आलं असतं. (दाली स्वतः सांगे, की ती त्याला पाघळलेल्या चीजवरून सुचली. प्रतीकवाल्यांची केवढी पंचाईत!)

मग मी प्रभाकर बरव्यांचं नाव काढलं. जन्म १९३६, नागावचा. ‘‘म्हणजे आपलेच की!’’ उरणला नागाव आहे खरं, पण बरव्यांचं ते अलिबागकडचं. असो, जिल्हा तर एक!

बरव्यांच्या चित्रांतही घड्याळ येतं, पान येतं, फळ येतं. पण काही वितळत नाही. आपण खिडकीच्या गजांना फासतो त्या एनॅमल रंगात रंगवलेल्या वस्तू, एकमेकींशी न बोलता, आपापल्या जागी. मधे भरपूर मोकळं. दालीची कारागिरी अफाट, पण मला विचाराल तर गडी जरा नाटकी. बरवे आवाज न चढवता थांबवून ठेवतात. १९९०च्या त्यांच्या पुस्तकाचं नावच पाहा ना : ‘कोरा कॅनव्हास’.

उरणकराला हे मोकळेपण जड जाऊ नये. मोऱ्याला ओहोटी लागली की गाळ उघडा पडतो. एक कलंडलेली होडी, एक बगळा, मधे काहीच नाही. घड्याळात किती का वाजेनात, लाँच पाण्याचं ऐकणार. मनगटावरचं घड्याळ तिथं दालीच्या घड्याळाइतकंच मऊ! आणि मिठागरांचे ते चौकोन, आत नुसतं आभाळ. त्यांतली कितीतरी भरावाखाली गेली. आता कंटेनर : रंगीत, एकावर एक, मधे बोट शिरायला जागा नाही.

हे सांगितलं, तेव्हा शेजारी बरव्यांच्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले.

‘‘वडलांचं मिठागर असंच दिसायचं,’’ म्हणाले. आणि लगेच सावरून, ‘‘पण हे पान कशाचं प्रतीक धरायचं?’’