मँचुरियन कँडिडेट, द
शीतयुद्धाच्या पार्श्वभूमीवरील एक प्रसिद्ध अमेरिकन राजकीय हेरपट. रिचर्ड कॉन्डन (१९१५–९६) ह्याच्या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवरून जॉर्ज ॲक्सेलरॉड (१९२२–२००३) ह्याने त्याची पटकथा लिहिली व जॉन फ्रँकनहायमर (१९३०–२००२) ह्याने तो दिग्दर्शित केला. हा कृष्णधवल चित्रपट २४ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. फ्रँक सिनात्रा, लॉरेन्स हार्वी, अँजेला लॅन्सबरी व जॅनेट ली ह्यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. समीक्षकांची व प्रेक्षकांची दृष्टी काळानुसार कशी पालटते, ह्याचे उदाहरण म्हणूनही हा चित्रपट अभ्यसनीय ठरला आहे.

कोरियन युद्धात एक अमेरिकन तुकडी शत्रूच्या हाती लागते. मँचुरियात तिच्यातील सैनिकांवर मन काबूत घेण्याचे (‘ब्रेनवॉशिंग’चे) प्रयोग होतात. त्यांपैकी रेमंड शॉ हा सर्वोच्च शौर्यपदक मिळवून मायदेशी परततो. परंतु पत्त्यांतील चौकटची राणी दिसताच आज्ञा पाळणारा मारेकरी त्याच्यात घडविला गेला आहे, ह्याची त्याला स्वतःलाही जाणीव नसते. त्याचा सावत्र पिता सिनेटर आयझलिन हा साम्यवाद्यांविरुद्ध बेछूट आरोप करणारा पुढारी असून त्याच्या चित्रणात सिनेटर जोसेफ मॅकार्थी (१९०८–५७) ह्याचे विडंबन उघड दिसते. आयझलिनच्या मागील खरी सूत्रधार रेमंडची आईच असून ती परकीय सत्तेशी संगनमत करून आहे. साम्यवादाचा सर्वांत कडवा विरोधकच साम्यवाद्यांच्या उपयोगी पडतो, हा ह्या कथेतील उपरोध होय. त्यामुळे कोणत्याही एका राजकीय पक्षाच्या प्रेक्षकाला निर्भेळ समाधान मिळण्याजोगे त्यात काही नव्हते.

प्रदर्शनाच्या वेळी क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून उद्‌भवलेला पेचप्रसंग ऐन भरात होता. समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र होता. द न्यूयॉर्क टाइम्स ह्या दैनिकात बॉझ्ली क्राउदर ह्याने दिग्दर्शनातील जोमाची व खटकेबाज संवादांची प्रशंसा केली आणि त्या शैलीची तुलना ऑर्सन वेल्सच्या शैलीशी केली. परंतु मूळ कल्पना त्याला पटण्याजोगी वाटली नाही. ह्याउलट पॉलीन केल हिने त्याच दशकात, हॉलिवुडमध्ये निर्माण झालेले हे बहुधा सर्वांत प्रगल्भ राजकीय उपहासचित्र असावे, असा अभिप्राय दिला. क्राउदरने कथेची कसोटी संभाव्यतेवर लावली, तर केलने ती उपहासाच्या धारेवर लावली. दोघांच्या निष्कर्षांतील अंतर ह्या भिन्न कसोट्यांमुळे पडले. लॅन्सबरीच्या अभिनयाविषयी मात्र फारसा मतभेद नव्हता. हार्वीपेक्षा केवळ तीन वर्षांनी मोठी असूनही तिने त्याच्या आईची भूमिका समर्थपणे केली व ऑस्कर पारितोषिकासाठी तिचे नामांकन झाले. संकलनासाठीही चित्रपटाला नामांकन लाभले.

सर्वसामान्य प्रेक्षकांचा प्रतिसाद बेताचाच राहिला. जेम्स बाँडच्या चित्रपटमालेतील डॉ. नो हा पहिला चित्रपट त्याच महिन्यात लंडनमध्ये प्रदर्शित झाला होता. बाँडपटांतील हेर आत्मविश्वासाने वावरतो व अखेरीस विजयी होतो. ह्या चित्रपटातील ‘हेरा’ला मात्र आपण कोण आहोत हेच ठाऊक नसते आणि शेवटी विजय कोणाचाच होत नाही. हेरपटाकडून करमणुकीची अपेक्षा बाळगणारा प्रेक्षक त्याकडे मोठ्या संख्येने वळला नाही, हे स्वाभाविक होते.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष जॉन एफ्. केनेडी ह्यांची हत्या झाली. त्यानंतर सिनात्राने दुःखावेगाने हा चित्रपट पडद्यावरून काढून घेतला, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. तिला वस्तुस्थितीचा आधार नाही. हत्येपूर्वीच चित्रपटाचे नेहमीचे प्रदर्शन आटोपले होते आणि १९६५ मध्ये सीबीएस ह्या दूरचित्रवाणी जालावरून तो दाखविण्यातही आला. १९७२ मध्ये त्याचे हक्क सिनात्राकडे आले व त्यानंतर तो क्वचितच पाहावयास मिळू लागला. परंतु ‘दडपलेला चित्रपट’ ह्या प्रतिमेने त्याच्याविषयीचे कुतूहल वाढविले, हे नाकारता येत नाही.

१९८७ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात तो पुन्हा दाखविण्यात आला व १९८८ मध्ये त्याचे पुनःप्रदर्शन झाले. ह्या वेळी समीक्षकांनी त्याचे एकमुखाने म्हणावे असे स्वागत केले. मधल्या पंचवीस वर्षांत राजकीय हत्या, व्हिएटनाम युद्ध व वॉटरगेट प्रकरण ह्यांचा अनुभव घेतलेल्या प्रेक्षकांना १९६२ मधील ‘असंभाव्य’ कथा भाकितासारखी भासली. हा चित्रपट अपयशातून थेट अभिजाततेकडे गेला, मधला यशाचा टप्पा त्याने गाळलाच, अशा आशयाचे विनोदी उद्‌गार ॲक्सेलरॉडने काढले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. २००४ मध्ये जॉनथन डेमी ह्याने ह्याच कथेवर नवा चित्रपट काढला. त्यात साम्यवादी सत्तांची जागा एका बलाढ्य उद्योगसमूहाने घेतली आहे.

उत्तरकालीन गौरवातही काही अतिरेक आहे. भाकीत खरे ठरले म्हणून कलाकृती थोर ठरत नाही. कोरियन व्यक्तिरेखेसाठी हेन्री सिल्व्हा ह्या अमेरिकन नटाची केलेली योजना आणि आशियाई पात्रांचे ठोकळेबाज चित्रण हे दोष आहेतच. चित्रपटाचे खरे सामर्थ्य त्याच्या दृश्यरचनेत आहे. सैनिकांना भासणारी उद्यानप्रेमी स्त्रियांची सभा व प्रत्यक्षातील साम्यवादी अधिकाऱ्यांची बैठक ह्यांची सरमिसळ करणारे स्वप्नदृश्य, तसेच प्रत्यक्ष आयझलिन व दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील आयझलिन एकाच चौकटीत दाखविणारा प्रसंग ही त्याची उदाहरणे होत. डोळ्यांना दिसते ते आणि मनावर ठसविलेले ते ह्यांतील सीमारेषा पुसण्याचे हे कौशल्य १९६२ मध्येही चित्रपटात होतेच. ते कशासाठी योजले आहे हे कळण्यास प्रेक्षकवर्गाला पाव शतक लागले.