दबक्या पावलांचा हिशेब

जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’चं नियमपुस्तक २०१७ साली आलं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण गेममास्टर होऊन जग उभं करतो, बाकीचे त्या जगातली एकेक व्यक्ती होतात आणि अडेल तिथे फासे टाकतात, एवढाच हा प्रकार. हार्परचं जग म्हणजे डॉस्कव्हॉल नावाचं काळोखं शहर. त्याभोवती भुतांना अडवणारं विजेचं कुंपण आहे आणि खेळाडू आहेत चोरांची टोळी. नियमपुस्तकाचं रसग्रहण ऐकून कुणी भुवया उंचावेल. पण लपूनछपून करायच्या कामगिरीत न्याय कसा व्हावा, हा या खेळांतला जुना पेच आहे आणि तो सोडवणारी ही पानं मी कथेच्या ओढीने वाचली.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ चा. चोर त्यात पुढच्या वर्षी, ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून शिरला. १९७८ च्या नियमपुस्तकात पहिल्या पातळीवरच्या चोराला आवाज न करता चालण्याची मूळ शक्यता होती १५ टक्के. पेशा चोराचा, आणि शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा पाऊल वाजणार! पुढे आकडे सुधारले, तरी दुखणं गेलं नाही, कारण ते गुणाकारात आहे. समजा, प्रत्येकाची शक्यता ७५ टक्के आहे. चौघांना पहाऱ्याजवळून जायचंय आणि एकाचंही दान वाईट पडून चालणार नाही, तर सगळे सुटण्याची शक्यता उरते ३२ टक्क्यांच्या आसपास. एकटा गेला, पण गेममास्टरने दर दाराशी फासा टाकायला लावला, तर पाच दारं ओलांडेपर्यंत २४. कुठलीही लबाडी न करता, नुसतं पुन्हा पुन्हा विचारून कुणालाही पकडता येतं. २०१४ च्या आवृत्तीत यावर निम्म्यांचा नियम आहे: निम्मे यशस्वी, तर सगळे पार. तेच चौघे आता ९५ टक्क्यांवर जातात. नियम चांगला आहे, पण चिलखत खडखडवत चालणारा गडी त्यात फुकट सुटतो. त्याला कुणी सावरलं, याची खेळात कुठेच नोंद राहत नाही.

हार्परने नेमकी ही नोंद ठेवली आहे. त्याच्याकडे सगळे फासे टाकतात आणि सर्वांत चांगलं दान सगळ्यांचं धरतात. मात्र ज्याचं दान तीन किंवा त्याखाली पडलं, अशा प्रत्येकामागे म्होरक्याने ताणाचं एक घर भरायचं. एकूण घरं नऊ. ती भरली की मनावर कायमचा ओरखडा, आणि त्या कामगिरीतून बाद. आता हिशेब करा. म्होरक्याकडे तीन फासे आहेत, आणि तिघा साथीदारांना दबकं चालणं मुळीच येत नाही. अशा अडाण्याने दोन फासे टाकायचे आणि वाईट तेवढं धरायचं. तरीही चौघे निभावून नेण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या घरातच येते, फक्त तिघांपायी म्होरक्याची सरासरी सव्वादोन घरं जातात. चार वेळा असं केलं की नऊ भरली. म्हणजे शक्यतेत फारसा फरक नाही. फरक आहे तो किंमत कोण मोजतो यात. अनाडी माणसाला सोबत न्यायचं की दाराशी थांबवायचं, हा टोळीतला खराखुरा वाद त्यातून उभा राहतो, आणि तो गेममास्टरला लिहून आणावा लागत नाही.

फासा टाकण्याआधी धोका किती आणि साधेल किती, हे गेममास्टरने सांगायचं असतं. ते ऐकून खेळाडू बेत बदलू शकतो. फासा चुकला म्हणजे लगेच बिंग फुटलं असंही नाही. चार, सहा किंवा आठ भागांचं वर्तुळ काढायचं, त्याला ‘पहारेकरी सावध’ असं नाव द्यायचं आणि चुकीच्या वजनाप्रमाणे एक, दोन, तीन भाग रंगवायचे. पहिल्या चुकीला कुत्रं भुंकतं, दुसरीला कंदील हलतो. वर्तुळ सगळ्यांसमोर असलं, की गेममास्टरच्या मनात काय चाललंय याचा संशय घ्यायला जागाच उरत नाही.

पण माझ्या मते या पुस्तकाचा खरा कस भूतकाळाच्या नियमात लागतो. चोरी ऐन रंगात असताना खेळाडू म्हणू शकतो, “याची सोय मी कालच करून ठेवली होती.” साधी सोय असेल तर फुकट, अवघड असेल तर ताणाचं एक घर, फारच बनेल असेल तर दोन किंवा जास्त, आणि गरज पडली तर त्या कालच्या कामासाठीही फासे टाकायचे. अट एकच: घडलेलं पुसता येत नाही. पुस्तकातलं उदाहरण फार बहारीचं आहे. मेजवानीत पोलीस निरीक्षक बाई तुम्हाला चोऱ्यांबद्दल हटकते. काल रात्री तिचा काटा काढला होता, असं म्हणता येणार नाही, कारण ती समोर उभी आहे. मात्र तिने इथे येऊन हटकावं म्हणून मीच तिला खबर दिली होती, यजमानीणबाईंवर छाप पाडायला, असं म्हणता येतं! एकाच प्रसंगाचा अर्थ उलटतो आणि वस्तुस्थितीला धक्काही लागत नाही. मुरलेला चोर घरच्या खेळाडूपेक्षा चार पावलं पुढचा विचार करणारच; त्याच्या वतीने तो विचार उशिरा करायची मुभा देणं मला पूर्ण न्याय्य वाटतं.

एक गोष्ट मात्र खटकते. कामगिरीआधी ‘लपून जाणार’ असं ठरवून शिरायची जागा तेवढी सांगायची. मग जमेच्या आणि तोट्याच्या बाजू मोजून एकदाच फासे टाकायचे, की टोळी थेट पहिल्या अडचणीपाशी उभी. वेग येतो, यात शंका नाही. पण नकाशा पसरून कुठल्या खिडकीची कडी सैल असेल यावर तासभर हुज्जत घालणं हाच ज्यांचा अर्धा खेळ, त्यांना हार्पर उपाशी ठेवतो. अशा मंडळींनी जुनेच नियम खुशाल वापरावेत. फक्त पाच दारांसाठी फासे एकदाच टाकायचे, आणि पणाला काय लागलंय ते आधी सांगायचं, एवढं गेममास्टरकडून कबूल करून घ्यावं.